जुनी डिझेल स्विफ्ट काढून वॅगनआर सीएनजी घ्यायचीय, एक्स्चेंज, बाहेर विक्री आणि लोन सगळाच घोळ झालाय

विटेकर_सर

नमस्कार मंडळी. आठ दिवस झाले डोक्याचा पार भुगा झालाय म्हणून इथे लिहितोय, जरा लांब होईल.

माझ्याकडे २०१३ ची स्विफ्ट डिझेल आहे, एमएच १०, फर्स्ट ओनर, १,३४,००० किमी झालेत. गाडीला काही झालेलं नाही, क्लच एकदा बदललाय, मागच्या डाव्या दाराला आमच्याच फाटकाचा ओरखडा आहे एवढंच. खरं तर मला ती विकायची नव्हती पण वडील आता ७४ चे झाले, गुडघे गेलेत, स्विफ्टमध्ये बसायचं म्हणजे एक हात माझ्या खांद्यावर, एक हात दाराला आणि मग धप्पकन खाली, उतरताना तर दोन माणसं लागतात. मागच्या महिन्यात भावकीतल्या लग्नात वॅगनआरमध्ये बसले आणि म्हणाले ही खुर्चीसारखी आहे. झालं, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. सीएनजी एवढ्यासाठी की माझं कॉलेजला जाणं-येणं रोजचं ३६ किमी आहे आणि महिन्यातून दोनदा सांगली होते.

आता आकडे सांगतो. शोरूमने नव्या गाडीचे ऑनरोड सव्वासात लाख सांगितलेत. जुनीचे १.६० देतो म्हणाले, वर २५ हजार एक्स्चेंज बोनस. एका अ‍ॅपवाल्या कंपनीने ऑनलाइन २.३० दाखवले, मग त्यांचा पोरगा आला, दोन तास गाडीखाली मोबाइल घालून फोटो काढत बसला आणि शेवटी आकडा आला १.७५. तिसरं गिऱ्हाईक घरातलंच आहे, बायकोच्या मामांच्या ओळखीचे एक गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) आहेत, तमिळनाडूत दुकान आहे त्यांचं, सुट्टीला गावी आलेत. ते २.३५ रोख द्यायला तयार आहेत, लगेच. फक्त म्हणतात गाडी तिकडे घेऊन जातो, नावाचं पुढच्या वेळी आलो की बघू, आपलीच माणसं आहेत.

लोन ५ लाखाचं धरलंय. शोरूममधला फायनान्सवाला म्हणतो फक्त ७ टक्के, ५ वर्षं, हप्ता ११,२५०. माझा पगार ज्या बँकेत होतो ती म्हणते ९ टक्के. म्हणजे शोरूमचंच स्वस्त ना? आणि तिसरा पर्याय बँकेचाच ७ वर्षांचा, हप्ता ८ हजारावर येतो, पगाराला हलका जातो. ३ लाखाची एफडी आहे पण ती मोडावीशी वाटत नाही.

अजून एक लफडं म्हणजे जुन्या गाडीचं लोन २०१८ लाच फिटलंय पण आरसीवर अजून बँकेचं नाव तसंच आहे. बँकेने तेव्हा दिलेलं पत्र फाईलला आहे, मी आरटीओत गेलोच नाही. नवीन नंबरप्लेट पण बसवलेली नाही. मिसेसना गाडी पाडव्याला दारात हवीय. काय करू?

---

गिअरबदल

सर एक्स्चेंज करून मोकळे व्हा. मी आतापर्यंत दोन गाड्या एक्स्चेंजला दिल्यात, किल्ली टाकायची, सह्या करायच्या, नवीन घेऊन घरी. ३०-४० हजारांसाठी अनोळखी लोकांना रविवारी चहा पाजत बसायचं, त्यांनी बॉनेट वाजवून बघायचं, कशाला ते. आणि आता जुन्या गाड्यांचे भाव तसेही उतरलेत, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ झाला, वरचा सेस गेला, नवीनच स्वस्त झाली म्हटल्यावर जुनीला कोण विचारतंय.

---

हिशोबी_काकू

विटेकर सर, आधी तुमचा "शोरूमचंच स्वस्त ना" हा प्रश्न घेते कारण तो वाचून माझा चहा थंड झाला. मी बँकेत कर्ज विभागात आयुष्य काढलंय, आता निवृत्त आहे.

तो ७ टक्के जो आहे तो फ्लॅट आहे. म्हणजे काय, तर ५ लाखावर ७ टक्के म्हणजे वर्षाला ३५ हजार, पाच वर्षांचे १,७५,०००, ते आधीच मुद्दलात मिळवले, ६,७५,००० झाले, भागिले ६० हप्ते, आले ११,२५०. जुळलं का? म्हणजे तुम्ही चौथ्या वर्षी निम्म्याहून जास्त मुद्दल फेडून बसलेले असाल तरी व्याज मात्र पूर्ण ५ लाखावरच भरताय. बँक ९ टक्के म्हणते ते घटत्या शिलकीवर, जेवढं मुद्दल राहिलं तेवढ्यावरच व्याज. त्याचा ५ वर्षांचा हप्ता येतो १०,३७९. एकूण व्याज १,२२,७५० च्या आसपास. म्हणजे ७ टक्केवालं कर्ज ९ टक्केवाल्यापेक्षा ५२ हजारांनी महाग आहे!! तुमचा तो फ्लॅट ७ टक्के घटत्या शिलकीच्या भाषेत साडेबारा टक्के होतो. त्या पोराला एवढंच विचारा की बाबा हा दर घटत्या शिलकीवर आहे का आणि मला पूर्ण परतफेडीचा तक्ता छापून दे. तक्ता म्हटलं की चेहरा बघा त्याचा.

आता ७ वर्षं. हप्ता ८,०४५, बरोबर आहे, हलका आहे, पण व्याज होतं १,७५,७००. गंमत बघा, हे जवळपास त्या फ्लॅटवाल्याइतकंच व्याज झालं, फक्त दोन वर्षं जास्त फेडायचं. आणि सातव्या वर्षी वॅगनआरची किंमत काय असेल? गाडीचं कर्ज घराच्या कर्जासारखं लांबवायचं नसतं, घर वाढतं, गाडी दारात उभी राहूनही झिजते.

तुमच्या जागी मी असते तर कर्ज ४ लाखाच्या वर घेतलं नसतं आणि ४ वर्षांत संपवलं असतं. ९ टक्क्यांनी हप्ता ९,९५४ येतो, व्याज ७८ हजारांच्या आत. प्रोसेसिंग फी किती आणि मधेच सगळं फेडलं तर दंड किती हे दोन्ही लेखी घ्या, तोंडी सगळे "काही नाही सर" म्हणतात.

---

कृष्णाकाठ

काकूंनी लोनचं सांगितलं, मी गलाईवाल्यांचं सांगतो. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही, आमच्याकडच्या निम्म्या घरांतली माणसं गलाईत आहेत, चोख लोक आहेत. पण "नावाचं नंतर बघू" हे वाक्य ऐकलं की मला घाम फुटतो.

माझी अल्टो मी अशीच दिलेली. मेव्हण्याचा मित्र, घरी येऊन जेवून गेलेला माणूस. फॉर्मवर सह्या घेतल्या, तारीख टाकली नाही, म्हणाला करतो पुढच्या आठवड्यात. त्याने ती चार महिन्यांत दुसऱ्याला विकली, दुसऱ्याने तिसऱ्याला, माझ्या सह्यांचे फॉर्म गाडीबरोबर फिरतायत आणि नाव माझंच. आधी चलनं यायला लागली, सिग्नल तोडला, सीटबेल्ट नाही, ती भरली गपचूप. मग एक दिवस पोलीस ठाण्यातून फोन, तुमच्या गाडीने मोटारसायकलवाल्याला उडवलंय. मी तेव्हा घरी भाकरी खात होतो. गाडीचा इन्शुरन्स संपून वर्ष झालेलं कारण तिसऱ्याने काढलाच नाही. त्या मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला होता, नशीब म्हणायचं जीव वाचला. पुढची दोन वर्षं मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, शेवटी तडजोडीत जे भरलं त्यात अल्टोची आलेली किंमत गेलीच, वर अजून गेले. मेव्हण्याशी बोलणं अजून नीट नाही.

वकिलाने तेव्हा मला सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल दाखवलेला, नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार. त्यात पहिल्या मालकाने गाडी २००७ ला विकलेली, पुढे ती हातोहात फिरली, अपघात झाला २००९ ला, पण आरटीओच्या दप्तरी नाव पहिल्याचंच होतं म्हणून जबाबदार तोच धरला. विक्रीपत्र आहे, पैसे मिळालेत, ताबा दिलाय, त्याने काही फरक पडत नाही. कायद्याच्या दृष्टीने आरसीवर ज्याचं नाव तो मालक.

तेव्हा सर, २.३५ मधले जास्तीचे पैसे हे त्या जोखमीची किंमत आहे असं धरा आणि मग ठरवा.

---

विटेकर_सर

बापरे. कृष्णाकाठ दादा अंगावर काटा आला वाचून. पण अडचण अशी आहे की मामांनी शब्द टाकलाय. मी नाव करून घ्या म्हटलं तर म्हणतील आमच्यावर विश्वास नाही. आणि रोख पैसे तर ते उद्याच आणून देतो म्हणतायत.

---

हिशोबी_काकू

दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात एका माणसाकडून रोख घेता येत नाही, आयकर कायद्यात बसत नाही, आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, जेवढे घेतले तेवढाच. २.३५ रोख म्हणजे २.३५ दंडाची तयारी. मामांना हे सांगा, विश्वासाचा विषय काढूच नका, म्हणा माझा पगार बँकेत आहे, मास्तर माणूस आहे, मला रोख चालत नाही.

---

शिक्का_मारके

मी आरटीओची कामं करून देतो, तर कागदाचं मी सांगतो, सगळ्यांनी अर्धं अर्धं सांगितलंय.

सर तुमची गाडी आज कोणालाच नावावर करून देता येणार नाही. गलाईवाल्यांना नाही, शोरूमला नाही, कोणालाच नाही. का, तर आरसीवर बँकेचा बोजा आहे. २०१८ चं पत्र आता उपयोगाचं नाही असंच धरून चला, बँकेत जा, कर्ज खातं नंबर द्या, नवीन एनओसी आणि फॉर्म ३५ सही-शिक्क्यासह घ्या. तुमची बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर आता जिच्यात गेली तिच्या शाखेत जायचं, जुना रेकॉर्ड त्यांच्याकडे असतो, थोडे हेलपाटे पडतात पण मिळतं. त्याच्याही आधी नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे तीच नवीन सुरक्षा नंबरप्लेट, नसेल तर आपल्याकडे आरटीओ बोजा उतरवायचं किंवा नाव बदलायचं काम घेत नाही. चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये, ऑनलाइन बुक करायची, सरकारी पोर्टलवरूनच करा, गुगलवर पहिली दिसली ती साईट उघडू नका, बोगस फार आहेत.

तर क्रम असा की आधी प्लेट, मग बोजा, आणि मगच गिऱ्हाईक. मधे चलनं बघून घ्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर, राहिलेली भरा.

विक्रीला फॉर्म २९ आणि ३०. २९ म्हणजे तुम्ही आरटीओला कळवताय की मी गाडी दिली, हे विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, ३० हा नावावर करण्याचा अर्ज, घेणाऱ्याला ३० दिवस असतात. कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही, घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरल्यावरच सही. आणि गाडी ताब्यात देताना एक साधी डिलिव्हरी नोट, तारीख आणि वेळ सकट, कारण दुपारी ३ ला गाडी दिली आणि ४ ला त्याने कोणाला ठोकलं तर तो कागद लागतो.

ते गलाईवाले गाडी तमिळनाडूत नेणार असतील तर फॉर्म २८ ची एनओसी वेगळी लागेल, आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की तिथलं रजिस्ट्रेशन करावं लागतं, तिथला टॅक्स भरावा लागतो. १३ वर्षांच्या डिझेल गाडीसाठी एवढं कोणी करत नसतं, त्यांनी "नंतर बघू" म्हटलंय त्याचं कारण विश्वास-बिश्वास नाही हो, हे आहे.

एक अजून, तुमच्या गाडीला २०२८ ला १५ वर्षं होतायत, म्हणजे घेणाऱ्याला दोन-अडीच वर्षांत फेरनोंदणी आली, त्याची फी ५ हजार आणि वर पर्यावरण कर, फिटनेस आलं. घासाघीस करणारा हे काढणारच, तयारीत रहा. कोणी १० वर्षांनी डिझेल गाडी बंद असं म्हणाला तर सांगा तो नियम दिल्ली-एनसीआरचा, सांगलीचा नाही.

---

गिअरबदल

मग एवढ्या भानगडीपेक्षा एक्स्चेंजच बरं ना, मी तेच म्हणतोय पहिल्यापासून. शोरूमवाला करून घेतो सगळं.

---

शिक्का_मारके

करून घेतो, पण कधी? शोरूमवाला गाडी स्वतःच्या नावावर क्वचितच करतो, तो यार्डवाल्याला देतो, यार्डवाला पुढे गिऱ्हाईक शोधतो, तोपर्यंत नाव तुमचंच. शोरूम म्हणजे सुरक्षित हा गैरसमज आहे भाऊ. तुझ्या त्या दोन गाड्यांचे नंबर जरा परिवहनच्या साईटवर टाकून बघ.

---

गिअरबदल

बघितलं. एक झालीय. दुसरी अजून माझ्या नावावर आहे 😐 २०२२ ला दिलेली. उद्या जातो शोरूमला.

---

द्राक्षवाला

तुम्ही भलत्या गिऱ्हाइकांकडे जाताय राव. जुनी डिझेल स्विफ्ट फर्स्ट ओनर म्हटल्यावर आटपाडी, जत, तासगाव भागात घेणारे आहेत, ज्यांचं रोजचं शंभर किमी फिरणं आहे, बागेवर, मार्केटला, त्यांना अजून ते इंजिनच पाहिजे, आणि मारुतीने २०२० पासून डिझेल बंद केलंय त्यामुळे नवीन मिळतच नाही. गॅरेजवाल्याला सांगून ठेवा, जो तुमची गाडी धुतो-बघतो त्यालाच, तो दोन-तीन हजार घेईल पण नीट माणूस आणेल. सर्व्हिसची बिलं सगळी एका फाईलला लावा, लोक ओडोमीटरवर विश्वास ठेवत नाहीत, बिलावर ठेवतात. आणि विकायच्या आधी तो दाराचा ओरखडा रंगवू नका!! रंगवलेलं दार दिसलं की माणूस म्हणतो अ‍ॅक्सिडेंट लपवलाय. ओरखडा तसाच दाखवा, फाटकाची गोष्ट सांगा, विश्वास बसतो.

---

पुणे_ते_पंढरपूर

कोणीच इन्शुरन्सचं बोललं नाही म्हणून. सर, तुमच्या स्विफ्टवर किती वर्षं क्लेम नाही? पाच वर्षं सलग नसेल तर ५० टक्के नो क्लेम बोनस झाला असेल. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी विकली की इन्शुरन्स कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, विक्रीचा कागद दाखवावा लागतो, आणि ते नव्या गाडीच्या पॉलिसीला लावा, ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, जो भाग असतो त्यावर निम्मी सूट मिळते. थर्ड पार्टीवर मिळत नाही, ते नव्या गाडीला तीन वर्षांचं सक्तीचंच आहे. पत्र तीन वर्षं चालतं, त्यामुळे जुनी आधी विकली आणि नवी उशिरा आली तरी वाया जात नाही. शोरूमवाला हे स्वतःहून कधीच सांगत नाही कारण पॉलिसी जेवढी महाग तेवढं त्याचं कमिशन. बाहेरून कोटेशन आणा, आणि सांगा हे जुळवा नाहीतर मी बाहेरून काढतो, बाहेरून काढू नका असं तो म्हणू शकत नाही.

ऑनरोडचा कागद ओळ न् ओळ वाचा. सव्वासात मध्ये काय काय आहे? एक्स-शोरूम, टॅक्स (सीएनजीला १० लाखाच्या आत ८ टक्के, पेट्रोलला ११, इथे तुमचा फायदा आहे), इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन, फास्टॅग. त्यानंतर ज्या ओळी येतात ना, हँडलिंग, लॉजिस्टिक, बेसिक किट, टेफ्लॉन कोटिंग, एक्स्टेंडेड अमुक, त्या एकेक करून पेनाने खोडायला सांगायच्या. मी १८ हजार खोडले, माझी बायको शेजारी बसून लाजत होती, घरी आल्यावर मात्र सगळ्यांना तीच सांगत सुटली.

आणि पैसे पूर्ण भरायच्या आधी, नंबर पडायच्या आधी, गाडी यार्डात जाऊन बघा. उत्पादनाचा महिना कुठला आहे ते विचारा, तो पुढे आरसीवर छापून येतो, मागच्या वर्षीची गाडी चालू वर्षाच्या भावात घेऊ नका.

---

मळ्याकाठी

सीएनजी घेताय तर डिकी विसरा हां, टाकी तिथेच बसते. वडिलांची घडीची खुर्ची किंवा वॉकर असेल तर तो ठेवून बघा टेस्ट ड्राइव्हला. आम्ही नाही बघितलं, आता आईची व्हीलचेअर मागच्या सीटवर आणि पोरं एकमेकांच्या मांडीवर. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी, हे पण लक्षात ठेवा.

---

शेअरबाजारी_बाळू

एफडी मोडायचीच कशाला? आजकाल कॅश ठेवावी, लोन पूर्ण घ्यावं, उरलेले पैसे एसआयपीला टाकावेत, १२ टक्के सुटतात, ९ देतोय म्हणजे ३ टक्के खिशात. साधं गणित आहे.

---

हिशोबी_काकू

बाळू, ९ टक्के द्यायचेत हे नक्की आहे, दर महिन्याच्या ५ तारखेला. १२ टक्के सुटतील ही तुझी इच्छा आहे. सरांच्या घरी ७४ वर्षांचे वडील आहेत, त्यांनी एफडी पूर्ण मोडू नये हे मलाही मान्य आहे पण ते वेगळ्या कारणाने, दवाखान्यासाठी. त्यातली एक लाख काढा सर, एकरकमी एफडी असेल तर शाखेत विचारा थोडी रक्कम काढता येते का, नाहीतर तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो, बहुतेक बँका एफडीच्या व्याजाच्या एक-दीड टक्का वर लावतात, तो गाडीच्या कर्जापेक्षा स्वस्तच पडतो. दोन लाख तशीच राहू द्या.

आणि एक्स्चेंज बोनसचं एक. बाहेर विकली तरी बोनस गेलाच असं नसतं. काही शोरूम जुन्या गाडीच्या ट्रान्सफर झालेल्या आरसीची प्रत दाखवली तरी तो देतात, कारण कंपनीला फक्त जुनी गेली नवी आली एवढंच दाखवायचं असतं. बुकिंगच्या आधी विचारा. तीन वेगळे व्यवहार आहेत हे, जुनी गाडी, नवी गाडी, कर्ज, आणि शोरूमवाला ते मुद्दाम एका कागदावर कालवतो म्हणजे तुम्हाला कशात किती गेलं ते कळू नये. जुनीचे १० वाढवून देतो आणि नवीवरची सूट १५ ने कमी करतो, तुम्ही खूश. तिन्ही आकडे तीन कागदांवर लिहा.

---

विटेकर_सर

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, बारावीच्या पेपर तपासणीत अडकलो होतो. काय काय झालं ते सांगतो.

पाडवा हुकला. मिसेस दोन दिवस बोलल्या नाहीत. कारण बँकेचं पत्र, माझी बँक खरोखरच दुसऱ्या बँकेत विलीन झालेली निघाली, चार हेलपाटे, चौथ्यांदा एका मॅडमनी स्वतः जुनं खातं शोधून काढलं आणि दहा मिनिटांत शिक्का मारून दिला. आठ वर्षं माझ्याच आळसाने राहिलेलं काम होतं ते. प्लेट बसली, बोजा उतरला.

मामांना मी काकूंनी शिकवल्याप्रमाणे रोखीचं कारण सांगितलं. गलाईवाले म्हणाले बँकेतून देतो. मग मी म्हटलं बरं, एनओसी पण काढून देतो, तिकडे नावावर करून घ्या. त्यावर तमिळनाडूचा टॅक्स किती ते त्यांनी विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फोनच आला नाही. मारके साहेब, तुमचं शंभर टक्के खरं निघालं. मामा जरा नाराज आहेत, होईल नीट.

गाडी गेली आटपाडीच्या एका डाळिंबवाल्याला, गॅरेजवाल्यानेच आणला, २.१५ ला, सगळे बँकेतून. ओरखड्याबद्दल विचारलं, मी फाटक दाखवलं, तो हसला, म्हणाला आमचं पण असंच आहे. फॉर्मवर सगळं भरून सह्या केल्या, डिलिव्हरी नोटवर वेळ घातली सकाळी ११ वाजून १० मिनिटं. नाव झालंय, काल परिवहनवर बघितलं. नाव झाल्याशिवाय झोप लागत नव्हती खरं सांगतो, अल्टो स्वप्नात यायची.

शोरूमने ट्रान्सफरची प्रत बघून २५ ऐवजी १५ हजार बोनस दिला, भांडलो नाही. हँडलिंगची ओळ खोडली, कोटिंग खोडलं, ती "लाजलेली बायको" माझ्या शेजारी नव्हती कारण तिनेच पेन घेतलं. इन्शुरन्सला ५० टक्के बोनस लागला. कर्ज ४ लाख, ४ वर्षं, पगाराच्या बँकेतून, हप्ता काकूंनी सांगितला तोच, रुपयासुद्धा इकडेतिकडे नाही. फ्लॅटवाल्या पोराला तक्ता मागितला, म्हणाला सर सिस्टिम डाऊन आहे.

वडील पुढे बसतात आता, दार स्वतः उघडतात. फक्त सिग्नलला विचारतात गाडी बंद पडली का, डिझेलच्या आवाजाची सवय.

एक शंका राहिली. परवा दुपारी वर्गावर होतो तेव्हा तासवडे टोलला पैसे कटल्याचा मेसेज आला. गाडी तर दारात उभी होती. हे कसं?

---

शिक्का_मारके

सर जुन्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग काढला का?

---

विटेकर_सर

नाही 🤦

---

हिशोबी_काकू

डाळिंबवाल्याला फोन करा, पैसे मागू नका, फक्त स्टिकर काढायला सांगा. आणि ज्या बँकेचा टॅग आहे तिच्या अ‍ॅपवरून आजच बंद करा, शिल्लक आणि डिपॉझिट खात्यात परत येतं. नाही जमलं तर १०३३ ला फोन लावा. आणि सर, बारावीचे पेपर नीट तपासा, माझी नात आहे त्यात.